सगळ्यांचा श्वास वीस

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे टीपीआर चार्ट तपासायला घेतले की एक गोष्ट हमखास सापडते. वॉर्डातल्या झाडून सगळ्या पेशंटचा श्वास मिनिटाला 20. न्यूमोनिया झालेले काका 20, हर्नियाचं ऑपरेशन होऊन उद्या घरी निघालेला तरुण 20, रात्रभर उशीला टेकून बसलेल्या आजी 20. तापाचे आकडे वेगळे, नाडीचे वेगळे, श्वासाच्या रकान्यात मात्र कमालीची एकी.

मी पुण्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. वर्गात कमी, वॉर्डात जास्त. सकाळच्या पाळीला विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन रुग्णालयात जायचं, प्रत्येकाला दोन-तीन पेशंट वाटून द्यायचे आणि दुपारपर्यंत त्यांच्या मागे मागे फिरायचं, हे माझं काम. बरीचशी मुलंमुली बीड, लातूर, सोलापूर, नगर या भागांतून आलेली. पाठांतर पक्कं. नाडी 60 ते 100, श्वास 12 ते 20, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. श्वास 20 लिहिला जातो तोही यामुळेच. तो सोयीचा आकडा आहे. लिहिला की कोणी पुढे काही विचारत नाही.

ती खोटंच लिहितात असं मात्र नाही. बरीचशी पंधरा सेकंद मोजतात आणि चारने गुणतात. या हिशेबात उत्तर 16, 20 किंवा 24 असंच येणार. 19 किंवा 23 येण्याची सोयच नाही. त्यातून एखादा श्वास इकडचा तिकडे झाला की मिनिटामागे चारांचा फरक. म्हणून माझा पहिला नियम असा, की श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा आणि पेशंटला न सांगता मोजायचा. 'आता तुमचा श्वास मोजते हं' म्हटलं की माणूस फोटोला उभा राहिल्यासारखा श्वास घेऊ लागतो. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. बोटं तिथेच ठेवायची, नजर छातीपोटाकडे न्यायची आणि दुसरं मिनिट सुरू करायचं.

या एका मिनिटासाठी मी इतकी हटून बसते, कारण बिघाडाची पहिली खबर बहुतेक वेळा इथेच मिळते. जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागला, फुप्फुसात पाणी साठू लागलं, मधुमेहात रक्तातलं आम्ल वाढलं, की श्वास वाढतो, त्याच्या आगेमागे नाडी वाढते. रक्तदाब मात्र शरीर बराच वेळ सांभाळून धरतं, तरुण पेशंटमध्ये तर फारच. बीपी कोसळलं की सगळे धावतात. पण त्याआधीचे काही तास चार्टवरच्या या एका दुर्लक्षित रकान्यात नोंदवलेले असायला हवे होते.

बीपीच्या रकान्यातही अशीच 120/80 ची साथ असते. तिथे शिकवायचं खूप आहे. पेशंट नुकताच जिना चढून आला असेल तर पाच मिनिटं बसू द्यायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, दंड हृदयाच्या पातळीवर आणि तोंड बंद. पेशंटचंही आणि आपलंही. ब्लाउजची किंवा सदऱ्याची बाही वर सरकवून दंडावर काचत असेल तर ती मोकळी करायची, कारण आवळलेली बाही म्हणजे दुसरा पट्टाच. आधी मनगटाची नाडी हाताला लागते ती कधी नाहीशी होते हे बघत पट्टा फुगवायचा, मग तीस अंक वर नेऊन स्टेथोस्कोप लावायचा. ही हाताने बघायची पायरी मुलं गाळतात. पण जुना रक्तदाब असलेल्या काही म्हाताऱ्या माणसांत आवाज वर सुरू होतो, मध्येच गायब होतो आणि खाली परत येतो. हात न लावता थेट कान लावणारा मधल्या शांततेत सापडतो आणि 190 चं बीपी 150 म्हणून लिहून मोकळा होतो. आता पारा असलेली यंत्रं मागे पडत चालली, डिजिटल आली. पण नाडी अनियमित असली तर तीही गडबडतात. नाडीवर बोट ठेवलेलं असलं तरच ते कळतं.

हे सगळं पुस्तकात आहे. पुस्तकात नसलेला भाग वॉर्डाच्या दारात सुरू होतो. सकाळी आत शिरताना मी मुलांना उंबऱ्याशीच थांबवते. हात खिशात, चार्ट बंद. समोरच्या खाटेकडे बघा आणि सांगा. पेशंट झोपलाय की बसलाय? बसलाय तर पुढे झुकून, हात गुडघ्यांवर टेकून का? नातेवाइकाशी बोलताना वाक्य पूर्ण करतोय की दोन-तीन शब्दांवर थांबतोय? गळ्याच्या खाचेत कातडी आत ओढली जातेय का? डबा उघडलाय की तसाच आहे? बाटलीतलं पाणी कमी झालंय का? सलाईन चालू आहे, पण लघवीच्या पिशवीत काय आहे? सुरुवातीला त्यांना काही दिसत नाही. 'मॅडम, पेशंट झोपलाय' एवढंच. पोस्टिंग संपत येईतो तीच मुलं खाटेच्या कडेला पडलेल्या चपलांवरून पेशंट रात्री उठला होता का, याचा अंदाज बांधू लागतात.

मग हात लावायचा. इथे पुण्यातला वॉर्ड आणि परदेशी पाठ्यपुस्तक यांची फारकत होते. पुस्तक म्हणतं, त्वचा फिकट झाली का बघा. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर फिकटपणा शोधायचा तर डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघावं लागतं, जीभ बघावी लागते, तळहात बघावा लागतो. हिरड्यांवर जाऊन उपयोग नाही. वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्या मावशींच्या हिरड्या काळ्याच असतात. नखावर दाब देऊन रंग दोन सेकंदांत परततो का हे बघायचं तर नुकतंच लग्न झालेल्या मुलीची नखं मेंदीने लाल झालेली असतात. तिथे कपाळावर किंवा छातीच्या मधल्या हाडावर दाबून बघायचं. बांगड्या वर सरकवायच्या, काढायला सांगायच्या नाहीत. विशेषतः हिरवा चुडा असेल तर. पडदा ओढायचा. विद्यार्थी मुलगा असेल आणि पेशंट बाई, तर सोबत एक मुलगी घ्यायची आणि आधी विचारायचं, 'काकू, पोट तपासू का?' परवानगीचं हे वाक्य परीक्षेत एका गुणाचं असतं. वॉर्डात त्याच्याशिवाय पोट सैल होत नाही, आणि ताठ धरलेल्या पोटाची तपासणी म्हणजे अंदाजपंचे.

सूज बघायला सांगितली की मुलं पायाशी जातात, घोट्याच्या वर अंगठा दाबतात आणि खळगा पडला नाही की 'सूज नाही' लिहितात. आठवडाभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पायांत पाणी कशाला उतरेल? ते कमरेखाली, माकडहाडापाशी साठतं. कुशीवर वळवून तिथे दाबून बघायचं. आणि वळवलंच आहे तर कातडी लाल झालीय का तेही बघायचं, कारण बेडसोरची सुरुवात तिथेच होते. एकदा कुशीवर वळवण्यात दोन कामं.

पण सगळ्यात अवघड तपासणी विचारण्याची. 'कसं वाटतंय?' या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे, 'बरंय.' त्यातून पेशंट पुण्याच्या पेठेतला आणि ज्येष्ठ असेल तर 'तुम्हीच सांगा, त्यासाठीच आलोय' असंही ऐकून घ्यावं लागतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने तिच्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर एक अख्खं प्रकरण लिहिलंय. ते पुस्तक 1859-60 च्या सुमाराचं. रात्र चांगली गेली का, असं विचारण्यात काही अर्थ नाही. किती तास झोप लागली आणि कोणत्या वेळी, हे विचारा, असा तिचा आग्रह आहे. ही बाई हिंदुस्थानात कधी आली नाही, पण इथल्या आरोग्याविषयी तिने आयुष्यभर लिहिलं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. पुढे 1909 मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि तिथल्या मुली, त्यांत कितीतरी विधवा, ससूनमध्ये नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, या गोष्टीवरून तेव्हा काय बोललं गेलं असेल याची कल्पना करता येते. आज मुली बिनदिक्कत नाडी धरतात त्यामागे त्या बायकांची पायपीट आहे, हे मी दरवर्षी नव्या तुकडीला सांगते.

तर प्रश्न असा विचारायचा, की उत्तर 'बरंय' येऊच शकणार नाही. झोपताना उशा किती घेता? गेल्या महिन्यात किती घेत होता? बाथरूमपर्यंत जाताना मध्ये कुठे टेकावं लागतं का? एका आजोबांना धाप लागते का विचारलं तर 'छे' म्हणाले. मग माझ्या विद्यार्थ्याने विचारलं, 'पर्वती शेवटची कधी चढलात?' आजोबांची कळी खुलली. रोज जायचे म्हणे, एका दमात वर. दिवाळीनंतर निम्म्यावर बसावं लागायचं, संक्रांतीपासून पायथ्याशीच देवाला नमस्कार करून परत. पर्वतीला शंभरावर पायऱ्या आहेत. हृदय किती थकलंय याचं याहून चांगलं माप त्या क्षणी आमच्याजवळ दुसरं नव्हतं. दुखण्याचंही तसंच. शून्य ते दहा या मापावर किती, असं विचारलं की खेड्यातून आलेली माणसं गोंधळतात. पण 'काल रुपयाभर होतं ते आज किती राहिलंय?' विचारा. 'बारा आणे असंल' हे उत्तर चटकन येतं, आणि संध्याकाळी 'आठ आणे'. चार्टवर दहापैकी आठ आणि पाच असं लिहिलं की काम झालं.

या सगळ्या उत्तरांत एक गोष्ट सारखी आहे, आणि मला शिकवायची आहे ती तीच. उशा गेल्या महिन्यात किती नि आता किती, पर्वती तेव्हा नि आता, दुखणं काल नि आज. पुस्तकातली नॉर्मल रेंज हा हजारो अनोळखी लोकांचा हिशेब असतो. खाटेवरच्या माणसाची खरी तुलना त्याच्याशीच करायची. दोन तासांपूर्वीच्या, कालच्या, आजारी पडण्याआधीच्या त्याच माणसाशी. डॉक्टर सकाळी राउंडला येतात, संध्याकाळी येतात, बोलावलं तर मध्ये येतात. या दोन्ही वेळी आणि मधल्या सगळ्या वेळी तिथे हजर असते ती नर्स. म्हणजे तुलना करण्याची जागा तिचीच आहे. तिने ती केली नाही तर दुसरं कोणी करणार नाही.

आमच्या वॉर्डात एक आजी होत्या. पायाच्या जखमेसाठी दाखल, मधुमेह जुना, इन्सुलिन चालू. रोज सकाळी चहावरून त्यांचं भांडण ठरलेलं. 'हा चहा म्हणायचा का? गरम पाण्याला तरी चव असते.' मावशींपासून इन्चार्ज सिस्टरपर्यंत सगळ्यांना त्यांनी नावं ठेवलेली. एका सकाळी चहा समोर तसाच आणि आजी गप्प. विद्यार्थिनीने लिहिलं, 'नो कम्प्लेंट्स.' नाडी, बीपी, ताप, सगळं रेंजमध्ये. शेजारच्या खाटेची मुलगी सांभाळणारी दुसरी विद्यार्थिनी मात्र दोनदा वळून बघत होती. मला म्हणाली, 'मॅडम, आजी आज भांडल्या नाहीत.' आम्ही जाऊन हाक मारली तर डोळे उघडले, पण नजर लागेना. कपाळ घामाने ओलं. ग्लुकोमीटर लावला, साखर 48. आदल्या रात्री जेवल्या नव्हत्या आणि सकाळचं इन्सुलिन घेऊन झालं होतं. उपचार झाले, तासाभराने आजी ताळ्यावर आल्या आणि चहा गार का, म्हणून विचारू लागल्या. भांडणारी माणसं वॉर्डात नकोशी असतात. पण ती गप्प झाली तर त्याची नोंद भांडणाच्या तक्रारीपेक्षा ठळक व्हायला हवी.

पावसाळ्यात हाच धडा डेंगी शिकवतो. ऑगस्ट उजाडला की पुण्यातल्या रुग्णालयांत एकच प्रश्न ऐकू येतो, 'प्लेटलेट किती?' नातेवाईक पपईच्या पानांचा रस आणतात, किवी आणतात, आणि सगळ्यांचं लक्ष त्या एका आकड्यावर. तीन-चार दिवस फणफणलेला ताप उतरतो, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. खरा धोक्याचा काळ नेमका तेव्हा सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू लागतं. बीपी अजून 100/80 असतं आणि मुलं म्हणतात, ठीक आहे, वरचा शंभर आहे. मी म्हणते, वजाबाकी करा. सकाळी 110/70 होतं, फरक 40 चा. आता 100/80, फरक 20 चा. वरचा आकडा फारसा हलला नाही, पण दोन आकड्यांमधली जागा आक्रसली. आता पायाला हात लावा. गार? नाडी बारीक आणि जलद? पोटात दुखतंय म्हणतोय? उलट्या थांबत नाहीत? मुलगा उगाच चिडचिडा किंवा सुस्त झालाय? यातलं काही असेल तर प्लेटलेटच्या रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही, तेव्हाच डॉक्टरांना बोलवायचं. ताप उतरलेल्या पेशंटच्या पायाला हात लावून बघण्याची सवय लागली, तर त्या पावसाळ्याचं पोस्टिंग सत्कारणी लागलं असं मी समजते.

आणि मग 2025 चा जानेवारी आला. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यातून पायांतलं बळ गेलेले पेशंट शहरातल्या रुग्णालयांत दाखल होऊ लागले. गुलेन बॅरी सिंड्रोम. वर्तमानपत्रांनी त्याचं जीबीएस केलं आणि आठवड्याभरात ते रिक्षावाल्यांच्याही तोंडी झालं. हा आजार नवा नाही. पहिल्या महायुद्धात, 1916 साली, फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांवरून त्याचं वर्णन केलं होतं. एरवी वर्षाकाठी एखाद-दुसरा पेशंट दिसायचा. विद्यार्थी पुस्तकात चार ओळी वाचून सोडून द्यायचे. आता पुणे, पिंपरी-चिंचवड आणि आसपासची गावं मिळून पेशंटची संख्या दोनशेच्या पुढे गेली. अनेकांना आधी जुलाब झाले होते. राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेलेल्या काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले, आणि सगळ्यांच्या नजरा पिण्याच्या पाण्याकडे वळल्या. जंतूंविरुद्ध उभी राहिलेली प्रतिकारशक्ती वाट चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते, आणि अशक्तपणा पायांकडून वर चढत जातो. चढत चढत तो छातीच्या स्नायूंपर्यंत गेला तर श्वास बंद पडू शकतो. साधारण चार-पाच पेशंटमागे एकाला व्हेंटिलेटर लागतो. प्रश्न एवढाच असतो, की कोणाला आणि कधी.

इथे मॉनिटरवर विसंबून चालत नाही. जीबीएसमध्ये फुप्फुस चांगलं असतं, थकतात ते स्नायू. त्यामुळे ऑक्सिजनचा आकडा शेवटपर्यंत 97-98 दाखवत राहतो, आणि पडतो तेव्हा एकदम पडतो. म्हणून खाटेशी उभं राहून करायच्या साध्या तपासण्यांना त्या हिवाळ्यात एकदम भाव आला. उशीवरून डोकं उचलता येतं का? मान किती वेळ धरता येते? घोटभर पाण्याने ठसका लागतो का? खोकला जोरकस आहे की नुसता आवाज? आणि सगळ्यात साधी तपासणी म्हणजे एक खोल श्वास घ्यायला सांगायचा आणि त्या एकाच श्वासात मोठ्याने आकडे म्हणायला सांगायचे. धडधाकट माणूस चाळीस-पन्नासपर्यंत जातो. वीसच्या आत आला की सावध व्हायचं.

हे 'चाळीस-पन्नास' इंग्रजी पुस्तकातलं. वॉर्डात निराळंच निघालं. मराठीत एकोणतीस, एकोणचाळीस म्हणेपर्यंतच अर्धा श्वास खर्ची पडतो. इंग्रजीत मोजणारा तितक्याच हवेत पुढे जातो. एका मावशींना वीसच्या पुढचे आकडे येत नव्हते, त्या वीस झाले की परत एकपासून सुरू करायच्या. म्हणून आम्ही ठरवलं, की पुस्तकातल्या आकड्याशी तुलना नको. प्रत्येक पेशंटची भाषा तीच, खाटेचं डोकं तितकंच वर, मोजण्याची लय तीच, आणि तुलना फक्त त्याच्या आधीच्या आकड्याशी.

तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीकडे असाच एक पस्तिशीतला गृहस्थ होता. साडेआठला त्याने 34 पर्यंत मोजलं. साडेदहाला 27. मॉनिटर 98 दाखवत होता, नाडी जरा वाढलेली. तिने विचारलं, 'दादा, दमलात का?' तर म्हणाला, 'झोप नाही झाली.' साडेबाराला तो 19 वर थांबला आणि मधेच 'थांबा जरा' म्हणाला. श्वास 28. उशीवरून डोकं उचलायला सांगितलं, ते उचललं गेलं नाही. ती निवासी डॉक्टरांकडे गेली. मी मुद्दाम मागे राहिले. तिने 'पेशंट ठीक वाटत नाही' असं म्हटलं नाही. म्हणाली, 'सर, सकाळी 34 मोजत होता, साडेदहाला 27, आता 19. श्वास 22 वरून 28 झालाय. मान उचलत नाहीये. ऑक्सिजन 98 आहे.' डॉक्टरांनी आधी मॉनिटरकडे पाहिलं, मग चार्टकडे, मग स्वतः त्याला मोजायला लावलं. दुपार टळायच्या आत तो आयसीयूत होता आणि नळी घातली गेली ती तयारीनिशी, धावपळीत नव्हे. पुढे त्याला बरेच दिवस व्हेंटिलेटर लागला, त्यातून तो सुटला, फिजिओथेरपी मात्र लांबली.

त्या मुलीने केलं त्यात कोणतंही यंत्र नव्हतं. पण मला त्यातला सांगण्याचा भाग करण्याइतकाच मोलाचा वाटतो. अनुभवी सिस्टरला 'काहीतरी बिनसलंय' हे आधी जाणवतं, आणि ते बहुतेकदा खरं असतं. पण रात्री दोन वाजता झोपेतून उठलेल्या डॉक्टरला 'बिनसलंय' ऐकवून भागत नाही. काय होतं, काय झालं, किती वेळात झालं, आणि मला तुमच्याकडून काय हवंय, या चार गोष्टी सांगाव्या लागतात. जाणवलं म्हणून तपासायचं, तपासलं ते लिहायचं, लिहिलं ते सांगायचं. यातली एक पायरी गाळली तरी जाणवलेलं वाया जातं.

मुलं कधी कधी प्रामाणिकपणे विचारतात, 'मॅडम, इथे आम्हाला दोन पेशंट दिलेत म्हणून जमतं. उद्या नोकरीत रात्रपाळीला अख्खा वॉर्ड असेल तेव्हा?' प्रश्न खरा आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. मी त्यांना वॉर्डातल्या जाणत्या सिस्टरांच्या मागे उभं करते. पाळी बदलताना त्या हँडओव्हर घेतात तो टेबलाशी बसून घेत नाहीत. खाटेखाटेशी जाऊन घेतात. तिथल्या तिथे प्रत्येकाशी एक वाक्य बोलतात, हात धरतात, सलाईनची जागा बघतात, चादर जराशी वर करतात. मिनिटभराचं काम. त्यातून पाच-सहा जण मनात वेगळे निघतात, आणि रात्रीचा वेळ त्यांच्यावर खर्च होतो. सगळ्यांना सारखं बघणं शक्य नसतं. कोणाला जास्त बघायचं हे ठरवण्यासाठीच तर ती पहिली नजर.

माझे बरेच विद्यार्थी आता शहराबाहेर आहेत. काही उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी झाले. तिथे राउंड नाही, रिपोर्ट नाही, आणि मोठं रुग्णालय घाट उतरून. समोरच्या माणसाला गोळी देऊन घरी पाठवायचं की 108 ला फोन करायचा, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं. भोर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावरून मध्यंतरी अशाच एका मुलीचा फोन आला. एक आजोबा परवा बीपीच्या गोळ्या न्यायला स्वतः चालत आले होते, येताना तिला चार गावगप्पा सांगून गेले होते. आज त्यांना दोघांनी मोटरसायकलवर मध्ये बसवून आणलं. तीन शब्द बोलले की थांबत होते. रात्री आडवं पडवत नव्हतं, भिंतीला टेकून बसले होते, असं सुनेने सांगितलं. पायांवर सूज, बीपी 170/100, नाडी 118, श्वास पूर्ण मिनिट मोजून 32. तिने त्यांना पाय खाली सोडून बसवलं, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला, 108 बोलावली, आणि परवाचं नि आजचं असं दोन्ही चिठ्ठीवर लिहून सोबत दिलं.

सगळं नीट केलं होतं. सवयीप्रमाणे मी विचारलं, 'आणि ऑक्सिजन किती होता गं?'

'ऑक्सिमीटरचे सेल संपलेत मॅडम,' ती म्हणाली, 'मागवलेत. गाडी मघाशीच निघाली.'